आभाळ आलं की पंप?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तूर फुलोऱ्यात आली की आपल्या दैनिकात दरवर्षी एक बातमी ठरलेली असते : ‘ढगाळ वातावरणामुळे तुरीवर अळ्यांचा हल्ला’. बातमी खोटी नसते, पण अर्धीच असते. ती वाचून सकाळीच कृषी केंद्रासमोर फवारणीच्या औषधासाठी गर्दी होते. मीही त्या गर्दीत उभा राहिलेलो आहे, म्हणून लिहितो.

गेल्या साली मार्गशीर्षात तीन दिवस आभाळ दाटून होतं. चौथ्या दिवशी मी फवारा मारला. शेजारच्या वावरातल्या काकांनी फांदी वाकवून दाखवली, तर शेंगेत डोकं खुपसलेल्या अळ्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या! अंडं फुटायलाच तीन-चार दिवस लागतात, अळी एवढी व्हायला आणखी आठवड्याच्या वर. म्हणजे ती अंडी चांगली उघाड होती तेव्हाचीच. तेव्हा मी वावरात फिरकलोच नव्हतो.

ढगांचा संबंध आहेच. आभाळ असलं की रात्रीचा गारठा कमी होतो, थंडीनं सुस्तावलेले घाटेअळीचे (शेंगा पोखरणाऱ्या याच अळीचे) पतंग फिरू लागतात, कळ्या-फुलांवर एकेक अंडं घालतात, आणि ती फुटतातही लवकर. पण त्याचा हिशेब चार-सहा दिवसांनी लागतो, त्याच सकाळी नाही. उलट जोराचा पाऊस अंडी आणि बारीक अळ्या धुऊन नेतो. धुई (दाट धुकं) पडली की फुलं गळतात, त्याचंही खापर अळीवरच फुटतं. सोयाबीनवर श्रावणात झड लागली की पानांना चिकटलेल्या पांढऱ्या, कडक अळ्या दिसतात. त्या बुरशीनं मेलेल्या असतात. मेलेल्या अळीवर महागडं औषध मारणारे आमच्या गावात मी एकटाच नाही.

घाटेअळीवरचं विषाणूचं औषध (एचएएनपीव्ही) तर उन्हानं निकामी होतं, म्हणून ते संध्याकाळी मारायचं. त्याला ढगाळ दिवस सोयीचाच. हे कुणी सांगत नाही.

फवारायचं कधी, याचा आकडा ठरलेला आहे : कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग दोन-तीन दिवस रोज ८ ते १० पतंग, किंवा हीच अळी हरभऱ्यावर असेल तर मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या. तुरीवरची दुसरी कीड, शेंगमाशी, तिचं मात्र अवघड, तिची अळी शेंगेच्या आतच असते. शेंग सोलूनच पाहावी लागते.

२००८ साली तंबाखूवरच्या अळीनं विदर्भातलं सोयाबीन खाल्लं, त्यानंतर शासनानं ‘क्रॉपसॅप’ नावानं कीड सर्वेक्षण सुरू केलं. त्यातल्या आपल्या तालुक्याच्या नोंदी आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला निदान नोव्हेंबर ते जानेवारी रोज छापावा. सोन्याचा भाव छापताच ना? सोबत रात्रीचं किमान तापमानही द्यावं. जागा पुरत नसेल तर राशिभविष्यातली दोन-चार वाक्यं कमी करा, आमची तक्रार नाही.

आपला,
एक तूर उत्पादक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ