पुरस्कारानंतरच्या कैदेचीही बातमी व्हावी

मा. संपादक, स. न. वि. वि.

दर ऑक्टोबरात ओस्लोहून शांततेच्या नोबेल पुरस्काराची घोषणा झाली की आपल्याकडे दोन-तीन दिवस चर्चा रंगते, आणि ती बहुतेक वेळा पुरस्कार कोणाला मिळाला नाही याभोवतीच फिरते. महात्मा गांधींना तो दिला गेला नाही, ही समितीची मोठी चूक होती आणि तिची आठवण राहायलाच हवी. परंतु ज्यांना पुरस्कार मिळाला, पण तो स्वीकारायला तुरुंगाबाहेर पाऊलही टाकता आले नाही, त्यांचे पुढे काय झाले याचा मागोवा आपली वृत्तपत्रे फार कमी घेतात. याच उणिवेकडे आपले लक्ष वेधायचे आहे.

पत्रकारांनी तर कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना विसरता कामा नये, कारण ते संपादक होते. व्हर्सायच्या तहाने बंदी घातलेली असताना जर्मनी गुप्तपणे लष्करी विमानदल उभारत आहे, हे त्यांच्या साप्ताहिकाने उघड केले आणि त्याबद्दल १९३१ मध्ये त्यांना देशद्रोहाची शिक्षा झाली. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये जर्मन संसदेची इमारत जळाल्यावर नाझींनी त्यांना पकडून छळछावणीत टाकले. त्यांना नोबेल मिळावे म्हणून निर्वासित जर्मनांनी मोहीम चालवली. तिच्यात तरुण विली ब्रांट होते, ज्यांना १९७१ मध्ये स्वतःलाच हा पुरस्कार मिळाला. १९३५ चा पुरस्कार ओसिएत्स्कींना नोव्हेंबर १९३६ मध्ये जाहीर झाला खरा, परंतु त्याआधी नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री आणि एक माजी पंतप्रधान निवड समितीतून बाजूला झाले होते आणि समारंभाला राजेही आले नाहीत. संतापलेल्या हिटलरने जर्मनांना कोणतेही नोबेल घेण्यास बंदी केली, त्यामुळे पुढे तीन जर्मन शास्त्रज्ञांना आपले पुरस्कार नाकारावे लागले. क्षयाने खंगलेले ओसिएत्स्की मे १९३८ मध्ये बर्लिनच्या रुग्णालयात पहाऱ्यातच मरण पावले.

चीनमध्ये हेच पुन्हा घडले. लोकशाही सुधारणांची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यासाठी ११ वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या लिऊ शियाओबो यांची खुर्ची २०१० च्या समारंभात रिकामी राहिली, त्यांच्या पत्नीला कोणत्याही आरोपाविना घरात कोंडले गेले आणि चीनने नॉर्वेशी संबंध सहा वर्षे गोठवून ठेवले. २०१७ मध्ये यकृताच्या कर्करोगाने लिऊ गेले, तेव्हाही ते कैदीच होते.

अशा पुरस्काराने सत्ताधारी अधिक चिडतात, मग त्याचा उपयोग काय, असे विचारले जाते. माझ्या मते त्यांचे चिडणे हाच त्याच्या उपयोगाचा पुरावा आहे. कैद्याचे नाव लोकांनी विसरावे, असा त्यांचा हिशेब असतो आणि पुरस्कार तो बिघडवतो. मात्र बातम्या दोन दिवसांत थांबल्या, तर तो हिशेब पुन्हा जुळू लागतो.

म्यानमारच्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांचे उदाहरण अवघड आहे, पण ते टाळू नये. १९९१ मध्ये स्थानबद्ध असताना त्यांना पुरस्कार मिळाला. सत्तेत आल्यावर, रोहिंग्यांवरील अत्याचारांच्या प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात २०१९ मध्ये त्यांनी म्यानमारची बाजू मांडली, याचे जगभरच्या मानवाधिकार कार्यकर्त्यांना तीव्र दुःख झाले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्यांनाच पुन्हा कैद झाली. त्यांच्या त्या भूमिकेचा निषेध करावा आणि त्यांच्या कैदेचाही करावा; यात मला विसंगती दिसत नाही.

इराणच्या मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या आणि कित्येक वर्षे आईला न भेटलेल्या त्यांच्या जुळ्या मुलांनी तो ओस्लोत स्वीकारला. त्या छायाचित्राला आपल्याकडे जागा मिळाली. त्यानंतरच्या त्यांच्या आजारपणाला आणि नव्या खटल्यांना मात्र क्वचितच मिळाली.

नोबेलचे समारंभ १० डिसेंबरला, आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मृतिदिनी होतात. १९४८ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, ज्याच्या मसुद्यात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा वाटा होता. आपण दरवर्षी या दिवशी किमान अर्धे पान राखून, कैदेत असलेले पुरस्कारविजेते आज कोठे आहेत, त्यांच्यावर कोणते आरोप आहेत आणि त्यांना वकील व डॉक्टर मिळतो की नाही, याची माहिती मराठी वाचकांना द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सातारा