आई, शेजारी मी बसेन

ती. आई-बाबांस सा. न.,

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "ओपन एमआरआय आहे, बाजूने मोकळं असतं, मी आत बसून हिचा हात धरतो." आई शेजारी होती म्हणून मी गप्प राहिले. पण तुम्ही आत जायचं नाही. तुमच्या छातीत पेसमेकर आहे. बाजू मोकळ्या असल्या तरी चुंबक असतंच, आणि मशीन थांबलेलं दिसलं तरी त्याची ओढ चालूच राहते. २०१८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईतच एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला माणूस मशीनकडे खेचला जाऊन दगावला. तोही पेशंट नव्हता, सोबत आलेला नातेवाईक होता.

आत मी बसेन. रजा मिळाली आहे, शुक्रवारी सकाळी दादरला उतरते.

आई, मागच्या आठवड्यात तू बंद एमआरआय मशीनमधून अर्ध्यातून बाहेर आलीस आणि घरी येऊन पैसे फुकट गेले म्हणून रडलीस. अगं, त्या बोगद्यात भल्याभल्यांचा जीव गुदमरतो, तुझी काय चूक? या ओपन मशीनचं चुंबक वर आणि खाली असतं, कडेने खोली दिसते. वरचा भाग मात्र तोंडाजवळ येतो, म्हणून आत सरकवण्याआधीच डोळे मीट. पुष्कळशी ओपन मशिनं ०.२ ते ०.४ टेस्लाची असतात (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) आणि नेहमीची बंद १.५ ची, त्यामुळे इथे वेळ जास्त लागतो. हललं की चित्र पुसट येतं. तुझी कंबर सपाट झोपून दुखते, तेव्हा गुडघ्यांखाली उशी मागायला लाजू नकोस. ठकठक आवाजासाठी कानात घालायला बोळे देतात.

पाटल्या आदल्या रात्रीच साबण लावून काढ. साडीच्या पिना, केसातले आकडे, कानाचं मशीन, कवळी, सगळं बाहेर. फॉर्मवर पित्ताशयाच्या ऑपरेशनमधल्या क्लिपा नक्की लिहायच्या. बहुतेक चालतात, पण ठरवणार तिथले लोक. जुनी फाइल काढून ठेव. बीपीची गोळी नेहमीसारखी घे. शिरेतून औषध देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागेल, ते मी फोन करून विचारते. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नकोस.

बाबा, आईचं मंगळसूत्र आणि जोडवी तेवढा वेळ तुमच्याकडे राहतील. एक स्वच्छ रुमाल बरोबर ठेवा.

तुमची,
मनू