व्हेंटिलेटर काढायचा, तर ‘डामा’च्या अर्जावर नको

महोदय,

बरे होण्याची आशा संपलेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण आपल्याकडे अनेकदा ‘डामा’च्या अर्जावर, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन घरी जातो. घशातली नळी तशीच असते, रुग्णवाहिकेत एक सिलिंडर असतो आणि अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबायला मुलगा किंवा पुतण्या. ती बॅग कधी थांबवायची हे त्यानेच ठरवायचे! धाप लागली तर मॉर्फिन नाही, नळी काढायला जाणते माणूस नाही. आणि अर्जावर लिहिलेले असते की डॉक्टर नको म्हणत असताना नातेवाइकांनी आपल्या जबाबदारीवर रुग्ण नेला. खरे तर उपचारांचा आता उपयोग नाही, हे डॉक्टरांनीच त्यांना सांगितलेले असते. ही खोटी नोंद करण्याची गरज कायद्याने केव्हाच संपवली आहे.

अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याचा मार्ग मोकळा केला, पण दर वेळी उच्च न्यायालयाची परवानगी लागणार होती. 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्येच (जगण्याच्या हक्कात) असल्याचे सांगितले आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. मात्र 20 वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ, रुग्णाला पाहायला येणारे न्यायदंडाधिकारी अशा अटींमुळे ती वाट कोणाला चालता येईना. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आता डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाबद्दल मत देतात. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षे अनुभवाचे दोन विषयतज्ज्ञ पुरतात. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचे. इच्छापत्र असेल तर त्यात नेमलेल्या व्यक्तीची आणि नसेल तर जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घ्यायची. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे. फक्त कळवायचे, त्यांची परवानगी लागत नाही. मंडळाने नकार दिला, तरच उच्च न्यायालयात जावे लागते.

गाडी अडते ती दुसऱ्या मंडळापाशी. महाराष्ट्रात जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी अशी दोन पदे आहेत. डॉक्टरचे नाव कोणी सुचवायचे हे आधी लेखी ठरलेले नसेल, तर शुक्रवारी संध्याकाळी केलेला अर्ज सोमवारपर्यंत हलत नाही आणि तोवर घरच्यांना ‘डामा’च बरा वाटू लागतो. कर्नाटकाने जानेवारी 2025 च्या आदेशात यावर चांगला तोडगा काढला. अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली मान्यता मिळालेले मेंदूविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ यांच्यातून जिल्हा आरोग्य अधिकारी सदस्य नेमू शकतात. ही यादी आपल्याकडेही तयार असते. तीच वापरायला काय हरकत आहे? लहान रुग्णालयांकडे स्वतःचे तज्ज्ञ नसतात, त्यांना तर जिल्ह्याच्या अशा सामाईक यादीवाचून इलाजच नाही.

निर्णय झाला म्हणजे ‘प्लग काढला’ असे होत नाही. आधी डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधे, प्रतिजैविके आणि रोजच्या रक्ततपासण्या बंद करतात. स्नायू सैल करणारे औषध चालू असेल, तर त्याचा अंमल पूर्ण उतरेपर्यंत थांबावेच लागते. नाही तर रुग्ण गुदमरत असूनही चेहऱ्यावर काही दिसत नाही. मॉर्फिन आणि मिडॅझोलाम (रुग्णाला शांत ठेवणारे औषध) नळी काढल्यावर मागवायचे नसते, सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे असते. घशात घरघर होऊ नये म्हणून ग्लायकोपायरोलेट आधीच देतात. मॉनिटरचे आवाज बंद करतात, घरच्यांना आत घेतात. मग ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने 21 टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेइतका आणतात आणि यंत्राचा आधार कमी करतात. दर टप्प्याला श्वासाचा वेग आणि कपाळावरच्या आठ्या पाहायच्या. त्रास दिसला तर आधी औषध, मगच पुढचा टप्पा. औषधाची मात्रा त्रासाच्या मानाने ठरते, मृत्यू लवकर यावा म्हणून नव्हे. नैतिकदृष्ट्या सगळा फरक इथे आहे. मृत्यू आजाराने येतो, आपण फक्त त्याच्या आड येणे थांबवतो. कधी काही मिनिटे लागतात, कधी दिवस, आणि हे घरच्यांना आधी सांगितले नाही तर त्यांना वाटते काहीतरी चुकले.

मेंदूमृत्यूचा, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या रुग्णांचा, गोंधळ वेगळा. मेंदूमृत्यूची व्याख्या 1994 च्या प्रत्यारोपण कायद्यातच आहे: चार डॉक्टर, किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. त्यामुळे घरच्यांनी अवयवदानाला नकार दिला की पुढे काय, असा पेच रुग्णालयांना पडतो आणि मृत शरीराला व्हेंटिलेटर चालूच राहतो. केरळने 2020 मध्ये दानाशी संबंध न ठेवता मेंदूमृत्यू जाहीर करण्याची पद्धत ठरवून दिली. आपणही तसे करायला हवे.

केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये उपचार थांबवण्याबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा आणला, तेव्हा डॉक्टर कायद्याच्या कचाट्यात सापडतील असा आक्षेप इंडियन मेडिकल असोसिएशनने घेतला. पण आम्हाला वाटते, कचाटा आज जास्त आहे, कारण आज कागदोपत्री पुरावा म्हणून फक्त ‘डामा’ची सही उरते. गरिबावर पैशापायी दबाव येईल, ही भीती मात्र खरी आहे आणि ती उडवून लावू नये. म्हणून बिलाची आणि उपचार थांबवण्याची चर्चा एकाच बैठकीत होऊ नये, बिलिंग विभागाचा माणूस त्या खोलीत नसावा, आणि संमतीआधी ‘पैशाची अडचण नसती तर काय ठरवले असते?’ हे मंडळाने विचारून उत्तर नोंदवावे. उत्तर ‘उपचार चालू ठेवले असते’ असे आले, तर आधी सरकारी योजनेची आणि धर्मादाय खाटेची सोय पाहावी.

वाचकांसाठी एवढेच: इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते आणि केव्हाही लेखी रद्द करता येते. त्यात निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे घालता येतात, ती जरूर घाला. प्रत पालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या, एक फॅमिली डॉक्टरांकडे ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री दोन वाजता तो उघडत नाही.

– अतिदक्षता व उपशामक सेवेतील डॉक्टर