बाळ पेटीत असेपर्यंत आईचा केसपेपर बंद करू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सरकारी रुग्णालयात साधी प्रसूती झाली तर तिसऱ्या दिवशी आणि सिझेरियन झालं तर आठवड्याभरात बाळंतिणीला डिस्चार्ज मिळतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिचा मोफत आहारही तेवढाच धरला आहे : साध्या प्रसूतीला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस. बाळ कुशीत घेऊन ती घरी जाणार असेल तर यात काही चूक नाही. पण बाळ कमी दिवसांचं, बाराशे-तेराशे ग्रॅमचं असेल तर ते एसएनसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष उपचार कक्षात, तीन-चार आठवडे तरी राहतं. त्याचा केसपेपर चालू असतो, आईचा बंद झालेला असतो. त्या दिवशी तिची खाट जाते, जेवणाचं ताट जातं, आणि रुग्णालयाच्या लेखी ती फक्त ‘नातेवाईक’ उरते.

आमची मागणी एवढीच आहे : बाळाला डिस्चार्ज मिळेपर्यंत आईलाही दाखल समजा. यात दयेचा प्रश्न नाही. हा बाळाच्या उपचाराचाच भाग आहे.

आधी दुधाचं बघा. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यात बसतो. तोवर बाळाला पोटात घातलेल्या नळीनं आणि मग वाटी-चमच्यानं दूध द्यावं लागतं. १२०० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे दिवसाला ८० मिली धरले तर ९६ मिली होतात, म्हणजे दर दोन तासांनी ८ मिली. पुढे किलोमागे १५० मिली झाले की दर खेपेला १५. माप लहान आहे, पण ते दिवसातून बारा वेळा लागतं, रात्री दोनला आणि चारलासुद्धा.

बाळ अंगावर पीत नसेल तर पान्हा टिकवण्यासाठी दूध हातानंच काढावं लागतं. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांत सुरुवात, मग दर दोन-तीन तासांनी, २४ तासांत आठ ते दहा वेळा. त्यातली निदान एक वेळ रात्रीची हवी, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवायची. आधी छातीच्या दिशेनं मागं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायची, पुन्हा दाबायची. बोंडी ओढायची नाही. ओढली की चिरा पडतात, वेदना होतात आणि दूध अडतं. पहिले दोन दिवस चमचाभर चीकच निघतो. तो पाहून घरची मंडळी “हिला दूधच नाही” म्हणतात, पण बाळाला त्या वेळी नेमका तोच हवा असतो. हे शिकवायला सिस्टरला बाईशेजारी वीस मिनिटं बसावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं लागतं.

आता हीच बाई पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याला किंवा भोरच्या आतल्या गावात पाठवली तर? रात्री कुणी उठवत नाही. काढलेलं दूध ठेवायला फ्रीज असतोच असं नाही. खोलीच्या तापमानाला चार तासांत वापरायचं दूध स्वारगेटला येणाऱ्या एसटीत तापत राहतं. छाती भरून दगड होते, गाठी येतात, ताप चढतो, आणि काही दिवसांत दूध आटतं. मग बाळाच्या कागदावर शेरा पडतो : ‘आईला दूध नाही’. तिला दूध होतं. ते आपल्या व्यवस्थेनं आटवलं.

पुण्याच्या ससून रुग्णालयात दुग्धपेढी आहे आणि तिचं मोल आम्ही जाणतो. पण दात्या मातांचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज करावं लागतं, त्यात जिवंत पेशी मरतात आणि संरक्षक घटक कमी होतात. आईचं दूध येईपर्यंत ती मदत आहे. आईला घरी पाठवून सगळा भार पेढीवर टाकणं बरोबर नव्हे.

दुसरी गोष्ट कांगारू केअरची, म्हणजे बाळाला छातीवर कातडीला कातडी लावून धरण्याची. बाळाला फक्त टोपडं, लंगोट, मोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मधे उभं, मान एका बाजूला आणि किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून सुती पट्टा आणि पुढून उघडणारा गाऊन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या शिफारशीनुसार हे जन्मानंतर लगेच सुरू व्हावं आणि दिवसाला ८ ते २४ तास चालावं. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता आईच्या छातीवर ठेवलं गेलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. इतका फरक पाडणारं एखादं इंजेक्शन असतं तर ते एव्हाना प्रत्येक तालुक्यात पोचलं असतं.

आपल्याकडे आठ तास का होत नाहीत? कारण आईला बसायला प्लास्टिकचं स्टूल असतं. सिझेरियनचे टाके असलेली बाई त्यावर वीस मिनिटं टिकते. तिला पाठ टेकून अर्धवट रेलता येईल अशी, डोक्याकडची बाजू उचलणारी खाट हवी. आई झोपेल तेव्हा वडील, आजी, मावशी बाळाला छातीवर घेऊ शकतात. केंद्राच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबाचा सहभाग स्पष्ट मान्य केला आहे.

“घरचे आत आले की इन्फेक्शन येतं” ही भीती आम्हीही रोज ऐकतो. वर सांगितलेल्या चाचणीत आईजवळ ठेवलेल्या बाळांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय उलट कमी आढळला. काळजी घ्यायची ती हातांची. बांगड्या, अंगठ्या, मनगटातला दोरा आधी काढायचा, नखं कापायची, कोपरापर्यंत साबणानं धुवायचं, हवेवर वाळवायचं, साडीच्या पदराला पुसायचं नाही. त्यासाठी दाराशीच कोपरानं उघडणारा नळ आणि चोवीस तास पाणी लागतं. नळ कोरडा असेल तर भिंतीवरच्या सूचनेचा उपयोग नाही.

ताटातूट पुष्कळदा आधीच सुरू होते. ग्रामीण रुग्णालयातून बाळ १०८नं पुण्याला येतं, आई तिकडेच राहते, आणि पहिला चीक बाळाला मिळतच नाही. आईची प्रकृती स्थिर असेल तर तिला त्याच गाडीत पाठवण्याचा लेखी आदेश हवा. ती येऊ शकत नसेल तर सोबतच्या नातेवाइकानं बाळाला छातीशी, कातडीला कातडी लावून आणावं. दुपट्यात गुंडाळून मांडीवर आणलेलं बाळ वाटेत गार पडतं. शरीराचं तापमान ३६.५च्या खाली गेलं की साखर उतरते, श्वास मंदावतो, आणि इथला पहिला दिवस त्याला ऊब देण्यातच जातो.

पुण्यात आणखी एक अडचण आहे. औंधचं जिल्हा रुग्णालय आपल्या खात्याकडे, ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, कमला नेहरू पुणे महापालिकेकडे, वायसीएम रुग्णालय पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे. बाळ एकीकडून दुसरीकडे गेलं की आईचं काय करायचं हे ज्याचा तो ठरवतो. म्हणून शासन निर्णय या सर्वांना लागू होईल असा संयुक्त काढावा.

डोळ्यांच्या तपासणीचंही असंच. ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत बघायचा असतो. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा दोन ते तीन आठवड्यांत. ही तारीख बरेचदा डिस्चार्जनंतर येते. वॉर्डात राहिलेल्या आईला ती पाठ असते, कारण शेजारच्या बाळाची तपासणी तिनं पाहिलेली असते. शेवटच्या दिवशी कागद हातात दिलेल्या आईची तारीख हुकते, आणि पडद्यावर लेझरनं उपचार करण्याची वेळ गेली की दृष्टी परत येत नाही.

खर्च फार नाही. बारा खाटांच्या एसएनसीयूला लागून मातांसाठी बारा खाटा, गरम पाण्याची न्हाणी, कुलपाचं कपाट, दुधासाठी तापमापक लावलेला फ्रीज, आणि बाळ घरी जाईपर्यंत दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता. या खाटा व्हरांड्यात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर मात्र मांडू नयेत. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्यात एसएनसीयूच्या आगीत दहा बाळं गेली. सुटकेची वाट मोकळी नसेल तर खोलीला मंजुरीच देऊ नका.

आणि आई शेजारी आली म्हणून सिस्टरची पदं कमी करू नयेत. प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर हे प्रमाण पाळलं तरच वरची वीस मिनिटं तिला मिळतील. आई दूध काढेल, बाळाला छातीवर धरेल, त्याचा रंग बदलला तर हाक मारेल. श्वासाला आधार देणाऱ्या सी-पॅप यंत्राचा दाब आणि सलाईनचे थेंब बघणं हे आईचं काम नाही. रिक्त पदं भरण्याचा आदेश याच शासन निर्णयात असावा, वेगळ्या फाइलवर नको.

आपले,
नवजात अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या परिचारिका आणि पालक,
पुणे