किंडर स्काउटवरून उतरल्यानंतर

पुणे, 10 नोव्हेंबर

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी किंडर स्काउटचा डोंगर उतरून तिथल्या, इंग्लंडातल्या ईडेल स्टेशनवर पोहोचल्याचा तुझा निरोप आला, तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि आईने देवापुढच्या समईत दुसऱ्यांदा तेल घातले होते. त्याविषयी काही लिहायचे नाही असे ठरवले आहे, म्हणून आधी फोटोंविषयी लिहितो.

तिथल्या किंडर डाउनफॉल धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडताना पाहून मला आपला नाणेघाट आठवला. 1932 साली सुमारे चारशे माणसे जमीनमालकांची मनाई मोडून त्याच डोंगरावर चढली आणि त्यांतल्या पाच जणांना त्यापायी तुरुंगात जावे लागले, हे तू लिहिलेस. त्या पठारावर आपली मुलगी मैत्रिणीबरोबर दिवसभर मोकळेपणाने चालली, याचा मला किती अभिमान वाटला ते शब्दांत सांगता येत नाही.

किंडरची उंची 636 मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही, असे तू आईला समजावलेस. बाळ, प्रश्न उंचीचा नाही. त्या सपाट माथ्यावर खुणेला झाड नाही, काळ्या चिखलातले चर सगळे सारखेच दिसतात, आणि या दिवसांत तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. त्यात धुके उतरले तर काय करायचे?

1987 च्या श्रावणात दिनू आणि मी राजगडाच्या संजीवनी माचीवर असेच धुक्यात सापडलो होतो. मी पुढे जाण्याचा हट्ट धरला, त्याने माझी बाही धरून मला खाली बसवले, आणि तटाला पाठ लावून आम्ही दोन तास भिजत राहिलो. धुके विरले तेव्हा चार पावलांवर तट ढासळलेला दिसला. आजीला हे मी कधीच सांगितले नाही. दिनू गेल्यावर तर कोणालाच नाही.

म्हणून सांगतो, धुके दाटले तर चालू नये, दुपारी तीननंतर माथ्यावर रेंगाळू नये, आणि अडचण आलीच तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, असा तिथला संकेत आहे तो विसरू नये. पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर. तुम्ही दोघींनी नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढलीत, हे मला ठाऊक आहे.

मेतकुटाच्या पार्सलात दोन शिट्ट्या ठेवल्या आहेत. एक मैत्रिणीला दे. आणि उतरल्यावर रेंज आली की लगेच निरोप पाठवत जा. इथे रात्र झाली असेल असा विचार करू नकोस, आम्ही जागेच असतो.

तुझा,
बाबा