रुसवा फक्त दक्षिणेचाच?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तरुण अमेरिकेवरचा लेख वाचला. भाषा छान, छपाईही बरी. पण 'संघराज्यातून फुटण्याची भाषा सुरुवातीपासून फक्त दक्षिणेच्याच तोंडी होती' हे वाक्य लेखकाने ज्या बेफिकिरीने ठोकून दिलं आहे, त्याने माझा आख्खा सोमवार नासला. म्हणून हे पत्र.

लेख १८१७ पासून सुरू होतो. मन्रो अध्यक्ष झाले, सगळीकडे आनंदीआनंद, १८२० मध्ये अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या पडलेल्या २३२ मतांपैकी २३१ त्यांनाच, मध्येच कुठून तरी मिसुरीला गुलाम राखणारं राज्य म्हणून घ्यावं का हा वाद उपटला, मग आयात मालावरची जकात आली आणि दक्षिणेतली साउथ कॅरोलायना रुसून बसली. त्याआधीचं काय? १८०३ मध्ये अध्यक्ष जेफर्सननी दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख घेतला आणि देश जवळजवळ दुप्पट झाला, हे लेखकाला ठाऊक आहे. त्यावर पहिली बोंब कुणी मारली, हे मात्र त्यांनी सांगितलेलं नाही. ती मारली उत्तरेतल्या न्यू इंग्लंडने, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे राज्यांनी. नव्या मुलखातून नवी राज्यं निघणार, प्रत्येक राज्य दोन सिनेटर घेऊन येणार, त्यातली बरीचशी गुलाम राखणारी असणार, मग आपल्याला विचारतो कोण, असा त्यांचा हिशेब होता. मॅसॅच्युसेट्सचे जोसाया क्विन्सी १८११ मध्ये भर सभागृहात म्हणाले की लुइझियानाला राज्य म्हणून घेतलंत तर संघराज्य मोडल्यातच जमा आहे. देश वाढला म्हणून भांडण लागलं. लेखात वाढ एका परिच्छेदात आणि भांडण दुसऱ्या परिच्छेदात, जणू दोघांची ओळखच नाही.

आणि हार्टफर्ड? संपूर्ण लेखात हार्टफर्डचा 'ह' नाही! १८०७ च्या परदेशी व्यापारबंदीने बॉस्टन, सेलमची जहाजं धक्क्याला कुजत पडली, १८१२ ला ब्रिटनशी युद्ध आलं, आणि १८१४ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंडचे २६ प्रतिनिधी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला दारं लावून बसले. जहाल मंडळी उघड फुटण्याचं बोलत होती. मवाळांनी त्यांना आवरलं, पण मागण्या बघा. युद्ध पुकारायला आणि नवं राज्य घ्यायला दोन तृतीयांश मतं हवीत, पाच गुलामांमागे तीन डोकी मोजून दक्षिणेला संसदेत मिळणाऱ्या जादा जागा बंद करा, एकाच राज्यातला अध्यक्ष लागोपाठ नको. शेवटचा टोला अर्थातच व्हर्जिनियाला, जेफर्सन आणि त्यांच्यामागून आलेले अध्यक्ष मॅडिसन दोघेही तिथलेच. हे सगळं घेऊन त्यांचे दूत वॉशिंग्टनला पोचले, तोवर न्यू ऑर्लिन्सची लढाई जिंकल्याची आणि तहाचीही बातमी येऊन थडकली होती. वरातीमागून घोडं. हार्टफर्डवाल्यांचा फेडरलिस्ट पक्ष त्या हशात जो बसला तो पुन्हा उठला नाही. तुमच्या लेखातलं 'सगळीकडे आनंदीआनंद' त्यातून आलं, विरोधी पक्षच उरला नव्हता.

माझा राग जुना आहे, तेही सांगतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे. एम. ए. च्या परीक्षेत प्रश्न आला, '१८०० ते १८३३ या काळातील प्रादेशिक तणावाची कारणे लिहा.' माझ्या एका विद्यार्थिनीने ग्रंथालयात बसून वाचलेलं हार्टफर्ड दीड पान लिहिलं. परीक्षकाने त्या दीड पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि समासात शेरा दिला, 'असंबद्ध'. मुलीचा प्रथम वर्ग थोडक्यात हुकला. मी परीक्षा विभागात गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, सर, पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरा, फी भरा, चलनाची प्रत जोडा. भरलं सगळं. उत्तर आलं, 'गुणांत बदल नाही'. पुढे एका चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत तेच परीक्षक भेटले. मी विषय काढला तर वाटीत आमटी घेत म्हणाले, "अहो सर, ते गाईडमध्ये नाही ना." रविवारचा लेख वाचताना मला ती आमटीची वाटी दिसत होती. लेखक आणि ते परीक्षक एकाच गाईडवर पोसलेले दिसतात.

गाईडमध्ये नसलेली आणखी एक गंमत. साउथ कॅरोलायनाचे पुढारी कॅल्हून म्हणजे राज्यांच्या हक्कांचा महामेरू, असं लेखात आहे. बरोबर, पण १८२८ नंतर. १८१६ मध्ये हेच गृहस्थ जकातीच्या आणि राष्ट्रीय बँकेच्या बाजूने उभे होते, १८१७ मध्ये रस्त्यांसाठी नि कालव्यांसाठी केंद्राचा पैसा मागत होते, आणि ते विधेयक मॅडिसननी नाकारलं. (ईरी कालवा मग न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या पैशाने खोदला. केंद्राने नव्हे. हेही लेखात चुकलं आहे.) त्याच १८१६ च्या जकातीला विरोध करणारे न्यू इंग्लंडचे पुढारी डॅनियल वेबस्टर १८२८ च्या जकातीच्या बाजूने गेले, कारण तोवर न्यू इंग्लंडचा पैसा जहाजांतून निघून कापडगिरण्यांत शिरला होता. आणि गिरण्यांतला कापूस कुठला? दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. कॅल्हून मात्र उपाध्यक्षपदावर बसून, स्वतःचं नाव न घालता, जकात रद्दबातल ठरवण्याच्या राज्याच्या हक्काचं समर्थन लिहीत होते.

यावर कुणी मला दक्षिणेचा वकील ठरवू नये. सगळ्या भांडणाच्या बुडाशी गुलामगिरीच होती. ज्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तिथे हे वेगळं सांगायला लागू नये. माझं म्हणणं एवढंच की १८१४ साली उत्तरेला गुलामांपेक्षा जागांची मोजणी जास्त खुपत होती, आणि ते लपवून लेख लिहू नये.

जाता जाता, लेखासोबतच्या '१८२०ची अमेरिका' या नकाशात टेक्सास अमेरिकेच्या रंगात रंगवलं आहे. तेव्हा ते स्पेनकडे होतं, अमेरिकेत आलं १८४५ मध्ये. रंग संपले होते का?

पत्राला कात्री लावायचीच असेल तर नकाशाला लावा, हार्टफर्डला नको. मागच्या खेपेस जागेअभावी तुम्ही माझ्या शेवटच्या वाक्यातलं 'नाही' तेवढं उडवलंत, आणि ज्या मताविरुद्ध मी लिहिलं होतं त्याचाच पाठीराखा म्हणून छापला गेलो. आमच्या कॉलनीत अजून विचारतात.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, परभणी