बाबा, माती आळ्यातली दिलीत ना?

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर बागेतल्या तागाचा आणि मातीचा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देऊन टाकतात, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. आई, तू वाचून दाखव, आणि मध्येच उठून गोठ्याकडे जाऊ देऊ नकोस.

मातीच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळांतून मातीत मुरलेला कार्बन, दोन वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमीच, आणि खाली बाबांचा मेसेज, "तुझा ताग फुकट गेला." माती सुधारावी म्हणून ओळींमध्ये पेरायला लावलेला ताग, तो फुकट? आधी मला रागच आला. मग आईला विचारलं माती काढली कुणी, तेव्हा कळलं की मागच्या वेळी बाबांनी कलमाच्या आळ्यातली दिली होती जिथे दरवर्षी शेणखत पडतं, आणि यंदा गड्याने दोन ओळींच्या मधली काढली. आता यांची तुलना कशी करायची सांगा! खत घातलेल्या जागेचा नमुना घ्यायचाच नसतो हो. खरं तर ओळीतली नुसती तांबडी माती आळ्यातल्या मातीच्या एवढी जवळ आली असेल तर ताग कामालाच आलाय, पण तेही छातीठोक म्हणता येत नाही, कारण ओळीतला जुना आकडाच आपल्याकडे नाही.

आणि नमुना बरोबर काढला असता तरी दोन वर्षांत फार काही दिसलं नसतं. आपली बाग अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर. वरच्या अर्ध्या फुटातली माती धरली तर अंदाजे दोन हजार टन. रिपोर्टवरचा कर्ब 0.1 टक्का वाढायचा तर मातीत दोन टन कर्ब मुरायला हवा. 2015 साली जगभरातल्या 37 ठिकाणचे आकडे एकत्र करून कुणी हिशोब मांडला होता, त्यात आच्छादन पिकामुळे, म्हणजे तागासारखं जमीन झाकायला पेरलेल्या पिकामुळे, हेक्टरी वर्षाला सरासरी 320 किलो कर्ब वाढलेला निघाला, आणि ती बहुतेक शेतं होती, बागा नव्हेत. म्हणजे सगळं नीट झालं तरी सहा वर्षं. तेवढा फरक तर आपल्याच बागेत दहा पावलांवर सापडतो.

आपल्याकडे उकाडा आणि पाऊस दोन्ही असल्यामुळे कोवळा पाला भराभर कुजतो आणि त्यातला बराचसा कर्ब परत हवेत जातो. टिकतो तो जास्त करून मुळांचा. त्याला धरून ठेवतं आपल्या तांबड्या मातीतलं लोखंड, म्हणजे जे स्फुरद अडकवून ठेवतं म्हणून बाबा शिव्या घालतात तेच. गणपतीत मी चौथ्या ओळीत कुदळ मारली होती आठवतंय? ढेकूळ फुटलं तर आत तागाची मुळं, त्यांना गाठी, गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी, म्हणजे गाठ कामाला लागल्याची खूण, आणि दोन गांडुळं. तिथून वीस पावलांवर, जिथे तणनाशक मारलं होतं, तिथे वर नुसती लाल पापडी, आणि सर आली की तांबडं पाणी थेट पऱ्यात. सगळ्यात जास्त कर्ब वरच्या थरातच असतो बाबा, तोच दर पावसाळ्यात पऱ्याला वाहून जातोय.

माझी चूक मी मान्य करते. ताग पेरल्यापासून पन्नासेक दिवसांत फुलावर येतो, तेव्हाच कापायचा, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आसपास. मागच्या वर्षी मी "गणपतीला येऊन कापते" म्हणाले आणि तोवर त्याच्या नुसत्या काड्या झाल्या, त्या वाळून तशाच पडून राहिल्या आणि शिमग्याच्या आधी वणवा गडग्यापर्यंत आला तेव्हा तुम्ही दोघं रात्रभर टहाळे घेऊन उभे होतात. ते ऐकल्यापासून मला तागाचं नाव काढायला तोंड नव्हतं. आता कापणीचे पैसे मी आधीच पाठवीन, माझी वाट बघू नका.

तो कार्बनचे पैसे, म्हणजे मातीत कर्ब साठवल्याबद्दलचे, मिळवून देतो म्हणणारा माणूस परत आला तर स्टॅम्प पेपरवर सही करू नका. वरचे 320 किलो धरले तरी कार्बन डायऑक्साइडच्या मापात वर्षाला सव्वा टनही होत नाही, त्यातून त्याचं कमिशन गेल्यावर आपल्याला चहापाण्यापुरतं काही उरलं तर उरलं.

आणि पातेरा, तो वाळका पाला. यंदा बेणणी झाल्यावर ढीग करून पेटवू नका प्लीज. राखेत पालाश मिळतं हे बाबांचं बरोबर, पण नत्र आणि कर्ब धुरावाटे जातात. आळ्यांमध्ये पसरा, खोडापासून हातभर लांब, आणि गडग्याच्या कडेने मात्र जाळपट्टा साफच ठेवा. आई, मागच्या ओळीत चवळी टाकलीस ती उत्तम, शेंगा काढून वेल तिथेच पडू दे.

चौथ्या ओळीतल्या मोठ्या धोंड्याला मी लाल रंग मारून ठेवलाय. पुढच्या वेळचा नमुना तिथूनच, अर्धा फूट खोल, आणि वर्षातल्या याच महिन्यात. गड्याला तो धोंडा दाखवून ठेवा, नाहीतर तो पायरी करायला उचलून नेईल.

तुमची,
माई

ता. क. आंबोशी संपली.